घर बघून दिलेली पिल्लं

माझ्या नणंदेने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आमच्या कुत्रीचं पिल्लू. ते द्यायचं की नाही ह्यावरून आमच्या डोंबिवलीच्या घरात कितीतरी दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. आता सांगताना हसू येतं. तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मुळात कुत्रं हा माझा हट्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी डोंबिवलीत शाळेत शिकवत होते आणि नवरा एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत होता. आमच्याकडे तेव्हा कुत्रं म्हणजे पांढरं झुबकेदार पॉमेरियन, नाहीतर मग बंगलेवाल्यांचं अल्सेशियन. तिसरं काही असतं हे कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. एकदा शाळेच्या कामासाठी ठाण्याला सरकारी ऑफिसात गेले होते. साहेब जेवायला गेलेले, म्हणून तळ्याकाठी येऊन बसले, तर समोरून एक वयस्क बाई तीन कुत्री घेऊन आल्या. लांबच लांब अंग, आखूड पाय, लोंबते कान, आणि चाल अशी की सगळा रस्ता आपल्याच मालकीचा आहे. मी तिथल्या तिथे वेडी झाले. साहेबांचं काम त्या दिवशी राहूनच गेलं.

त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, "इकडे ये" म्हणाल्या त्या आवाजावरूनच कळलं. ही डॅशहंड जातीची कुत्री त्या कितीतरी वर्षं पाळत होत्या आणि दोन-तीन वर्षांतून एखाद्या कुत्रीला पिल्लं होऊ देत होत्या. मी पिल्लू मागितलं. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारले नव्हते एवढे प्रश्न त्यांनी विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "घर बघितल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. रविवारी येते."

"घर बघायला? आपलं?" सासूबाई भाजी चिरता चिरता विळीवरून उठल्याच. "कुत्र्यासाठी? अगं, तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या वडिलांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती!"

सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या आणि त्यांच्या नियमांना अपील नसे. आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तिन्हीसांजेला शेजारी दही द्यायचं नाही. आणि मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईने अन्नपाणी घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम पूर्वी घरोघरी होता, पुढे लोकांनी आपापल्या सोयीने सोडून दिला. सासूबाईंनी सोडला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी नणंद, शहाडला दिलेली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि मूल झालं नव्हतं. त्यामुळे सासूबाई मुलीकडे जायच्याच कमी. गेल्या तरी खाली जावयाच्या दुकानात खुर्चीवर टेकायच्या, ख्यालीखुशाली विचारायच्या आणि पाण्याचा घोटही न घेता परत यायच्या. ह्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. मला त्या नियमाची भारी चीड यायची, पण तसं तोंडावर बोलायची छाती नव्हती.

रविवारी ठाण्याच्या बाई आल्या त्या बसने आणि रिक्षाने, हातात छत्री घेऊन. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. आधी अंगण बघितलं, मग फाटकाच्या गजांमधून हात घालून फट किती आहे ते बघितलं, मग छत्रीचं टोक लावून पायरीची उंची बघितली. आमचं घर बैठं, दोन खोल्या पुढे, दोन मागे, त्यामुळे जिन्याचा प्रश्न नव्हता. तरी त्यांनी विचारलाच.

"ह्या जातीची पाठ लांब आणि पाय आखूड," त्या म्हणाल्या. "जिने चढले-उतरले, पलंगावरून उड्या मारल्या, की कण्यातले मणके सरकतात. मग मागचे पाय जातात आणि कुत्रं फरफटत चालतं. मी ते एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही. दिवसभर घरात कोण असतं?"

"मी असते," सासूबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. "मी कुठे जाणार?"

"मग पिल्लू तुमच्याकडे येणार आहे. हिच्याकडे नाही." बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या काही झालं तर मी तुम्हाला विचारणार."

सासूबाईंना आयुष्यात कुणी असं विचारून काही सोपवलं नसावं. त्यांनी पदर खोचला. मग आत गेल्या आणि पाटपाणी मांडून आल्या. "आता जेवल्याशिवाय जायचं नाही," त्यांनी बाईंना दटावलं. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून जेवल्या आणि वाढायला मी. तेव्हापासून त्यांचं असं गूळपीठ जमलं की मला दोघींच्या मधे जागाच उरली नाही.

पिल्लू आलं. कुत्रीला स्वयंपाकघरात मज्जाव होता, तो पहिला महिनाभर टिकला. मग ती उंबऱ्यावर हनुवटी ठेवून बसायला लागली, मग पुढचे दोन पाय आत आले, आणि मागचे पाय आत कधी आले ते सासूबाईंनी बघितलंच नाही, असं त्या आजन्म सांगत राहिल्या. शेजारपाजारचे विचारायचे, "ह्याचे पाय वाढतील ना अजून?" सासूबाई थंडपणे सांगायच्या, "वाढायचे तेवढे वाढलेत."

कुत्री वर्षाची झाली तशी मला पिल्लांची स्वप्नं पडायला लागली. शेजारच्या गल्लीत एकांकडे ह्याच जातीचा लाल रंगाचा देखणा कुत्रा होता. मालक ओळखीचे, कुत्रा हाकेच्या अंतरावर, आणखी काय पाहिजे? मी बाईंना कळवलं तर त्यांनी मला अक्षरशः फाडून खाल्लं. एक तर कुत्री अजून पोर आहे, दोन वर्षं पुरी झाल्याशिवाय नाव काढायचं नाही. आणि त्या कुत्र्याची आई कोण, बाप कोण, आजी कशी चालायची, विचारलंस का? मी विचारलं. मालक आधी टाळाटाळ करत राहिले, मग म्हणाले, आईचे मागचे पाय गेले होते, पण त्याला काय, हा तर ठणठणीत आहे. बाईंनी तिथेच फुली मारली.

मला हे अती वाटत होतं. सासूबाईंना मात्र लगेच पटलं. "बरोबरच आहे," त्या म्हणाल्या, "स्थळाच्या घरात काय दुखणं आहे ते आधी कळायला नको? देखणेपण काय चाटायचंय?" जवळच्या नात्यातला कुत्राही चालत नाही म्हटल्यावर तर त्या खूशच झाल्या. कुत्र्यांतही सगोत्र वर्ज्य आहे, ही बातमी त्यांनी भिशीच्या सगळ्या बायकांना सांगितली.

शेवटी शीळफाट्याजवळ एका डॉक्टरांच्या वाडीतला कुत्रा बाईंनी पसंत केला. त्याचे आईवडील आणि आजी-आजोबा बाईंनी डोळ्यांनी बघितलेले, सगळे म्हातारे होईपर्यंत धडधाकट चालणारे. रीत अशी की कुत्रीला कुत्र्याच्या घरी न्यायचं. निघताना सासूबाई ओटीचं सामान घेऊन दारात उभ्या. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "आई, अगं काहीही काय! रिक्षावाला हसतोय." "हसू दे," म्हणत त्यांनी कुत्रीच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलंच, आणि तिने ते तिथल्या तिथे माझ्या साडीला पुसलं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी पिल्लं झाली, चार. तीन काळी-तांबूस आणि एक लाल. पेटी कुठे ठेवायची ह्यावर मी विचार करत होते, तोवर सासूबाईंनी ती स्वतःच्या खोलीत नेलीसुद्धा. तिथे पंखा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, चपला बाहेर. आणि मग आमच्याकडून जो घोटाळा झाला तो फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून सासूबाईंनी तिला गुपचूप डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर चालू केली. दुसऱ्या दिवशी कुत्रीचं पोट असं बिघडलं की पिल्लांना सोडून ती अंगणाच्या फेऱ्या मारत बसली. मी शेजारच्यांच्या फोनवरून बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "फोन त्यांना दे." पलीकडून काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण सासूबाई परत आल्या त्या खाली मान घालून, आणि उरलेले लाडू आम्ही महिनाभर खाल्ले.

पिल्लांनी डोळे उघडले आणि फाटकाशी माणसांची रीघ लागली. आपल्याकडे कुत्र्याचं पिल्लू कुणी मागितलं की ते द्यायचं असतं, शेवग्याच्या शेंगा देतो तसं. नाही म्हणणं म्हणजे शिष्टपणा. पण बाईंचा नियम आता माझा झाला होता, घर बघितल्याशिवाय पिल्लू नाही, आणि घरं बघायला मला सासूबाईंएवढी तयारीची जोडीदारीण मिळाली नसती. आम्ही दोघी संध्याकाळच्या निघायचो. एका घरी त्यांनी पिण्याच्या पाण्याचं पिंप उघडून बघितलं. दुसरीकडे नवरा हौशी आणि बायकोच्या कपाळावर आठी, ते त्यांनी चहा यायच्या आत हेरलं. ठाण्याच्या एका गृहस्थांना मुलीच्या वाढदिवसाला पिल्लू भेट द्यायचं होतं. "मग वाढदिवस संपल्यावर काय करणार?" सासूबाईंनी विचारलं आणि मला उठायची खूण केली. चांगली म्हणावी अशी दोन घरं मिळाली, एक कल्याणात खाडीजवळच्या कोळी कुटुंबाचं आणि एक आमच्याच रस्त्यावरचं. तिसरं पिल्लू वाडीतल्या डॉक्टरांचं, तो मान कुत्र्याच्या मालकाचा असतो. राहिली लाल पिल्ली.

आणि ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, तीच मागितली.

त्या पिल्लं बघायला आल्या होत्या. एरवी ताई कमी बोलायच्या, आल्या की हाताला लागेल ते काम करायच्या. त्या दिवशी जमिनीवर बसल्या आणि लाल पिल्ली सरळ त्यांच्या पदरात शिरून झोपली. ताई हलल्या नाहीत. चहा गार झाला. निघताना चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, ही मला देशील? मी सांभाळीन नीट."

मी "हो" म्हणाले नाही आणि "नाही" म्हणाले नाही. ताईंचं घर मला माहीत होतं. खाली सिमेंट आणि पाइपांचं दुकान, मागून शिडीसारखा खडा लाकडी जिना, वर दोन खोल्या. नवरा-बायको दोघंही दिवसभर दुकानात. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी दारातूनच नकार दिला असता.

"देऊन टाक ना," नवरा म्हणाला. "एवढं काय? माझी बहीण आहे ती. कधी काही मागितलंय तिने?"

"म्हणूनच तर," मी म्हणाले. ज्या बाईला सगळ्या नातेवाइकांनी इतकी वर्षं एकाच गोष्टीवरून टोचलं, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचं घर पिल्लाला योग्य नाही? आणि द्यावी तर त्या जिन्यावरून पडणारी ती एवढीशी लांब पाठ डोळ्यांपुढे यायची. नवरा माझ्यावर रुसला. सासूबाईंनी तर तोंडच बंद केलं. पिल्लीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. मला वाटलं, लेकीला नाही म्हणणारी सून त्यांच्या मनातून उतरली. मी रडलेसुद्धा, आंघोळीच्या मोरीत, नळ सोडून.

एका सुट्टीच्या सकाळी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. "चल," म्हणाल्या. "शहाडला जाऊ. घर बघायचंय."

दुकानात जावई उठून उभे राहिले, खुर्ची पुसली. सासूबाई बसल्या नाहीत. मागच्या बाजूला गेल्या आणि जिन्याचा दोर धरून चढायला लागल्या. गुडघे दुखणारी बाई, दर पायरीवर थांबत होती. मी मागून आधाराला. वरच्या खोलीत त्या शेवटच्या कधी आल्या असतील कोण जाणे, कदाचित लग्नानंतर लेकीला सोडायला. ताई जिन्याच्या तोंडाशी येऊन बघतच राहिल्या.

वर सगळी तयारी होती. साबणाच्या खोक्यात मऊ गोधडी घातलेली, ती सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची शिवलेली. एक ॲल्युमिनियमची थाळी. जिन्याच्या तोंडाला उभी करायला जावयांनी एक फळीही कापून आणली होती. ताईंनी मला पाणी आणून दिलं. एकच पेला. आईसाठी आणायचं नसतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला पाठ झालं होतं. मला इतकं ओशाळं वाटलं की तो पेला मी तसाच हातात धरून राहिले.

"दिवसभर वर कोण असतं?" सासूबाईंनी विचारलं. ठाण्याच्या बाईंचाच प्रश्न, त्याच सुरात.

"आम्ही खाली दुकानात असतो. पण मी येत जाईन ना गं अधूनमधून वर."

"लहान पिल्लाला सारखं बाहेर न्यावं लागतं. कडेवर घेऊन किती वेळा चढशील-उतरशील हा जिना?"

"मला सवय आहे, आई."

सासूबाई खोक्यातल्या गोधडीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पिल्लू इथे नाही द्यायचं, बाय. जिना वाईट आहे. पाठ जाईल तिची. हिला बोल लावू नकोस, मी सांगतेय."

ताईंचा चेहरा पडला. दुसरी कुणी असती तर भांडली असती. त्या फक्त म्हणाल्या, "माझ्याकडे काही नांदायचं नाही, असंच ना?"

खाली दुकानात कुणीतरी पाइप टाकल्याचा खणखणाट झाला.  मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मला हाताने गप्प केलं.

"पाणी दे," त्या म्हणाल्या.

ताईंनी माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. "दिलंय की तिला."

"तिला नाही. मला. आणि जेवायला काय केलंयस? जिना चढून भूक लागलीय."

 ताई एकदम वळल्या आणि माठातून पाणी घेताना अर्धं पाणी त्यांनी जमिनीवर सांडलं. सासूबाईंनी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायल्या, शेवटच्या थेंबापर्यंत. जेवायला भात आणि कुळथाची पिठी होती, ताई "काही केलं नाही गं मी, आधी सांगायचंस तरी" म्हणत पापड शोधत होत्या आणि डोळे पुसत होत्या. जावई दुकान उघडं टाकून वर आले, दारात उभे राहून सासूबाईंना जेवताना बघत राहिले. सासूबाईंनी त्यांनाही बसवलं. "जावईबापू, जिना फार वाईट आहे तुमचा," त्या पिठी-भात कालवत म्हणाल्या. "माझी पोर रोज चढते तो." मी घास तोंडात घेऊन रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी धीर करून म्हटलं, "आई, नियम?"

"काय नियम?" त्या म्हणाल्या. "त्या ठाण्याच्या बाईला पहिल्या दिवशी पान वाढलं मी. परक्या बाईला. घर बघायला आलं की जेवूनच जायचं असतं."

लाल पिल्ली आम्ही कुणालाच दिली नाही. ती आमच्याकडे राहिली, पण ताईंची म्हणून. दुकान बंद असायचं त्या दिवशी ताई यायच्या, तिला न्हाऊमाखू घालायच्या, अंगणात फिरवायच्या. तीही बरोबर त्याच दिवशी सकाळपासून फाटकाशी जाऊन बसायची. कुत्र्यांना वार कसा कळतो कुणास ठाऊक. नवऱ्याचा रुसवा पहिल्याच खेपेला गेला.

त्यानंतर दीडेक वर्षात जावयांनी दुकानामागचं सिमेंटचं गोदाम रिकामं केलं, फरशी घातली, खिडकी पाडली आणि स्वयंपाकघर खाली आणलं. आम्हाला आधी काही बोलले नाहीत. आमच्या कुत्रीला दुसऱ्यांदा पिल्लं झाली तेव्हा एक दिवस फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घर बघायला कधी येताय?" मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस? तुझ्या सासूबाई आहेत की घरात."

पिल्लू पोचवायला सासूबाई स्वतः गेल्या. चार दिवस राहते म्हणाल्या आणि दहा दिवस राहिल्या. मग ते नेहमीचंच झालं, पिल्लाला बघून येते म्हणायच्या आणि पिशवी भरायच्या. पिल्लाचं चांगलं थोराड कुत्रं झालं, तरी त्या पिल्लाला बघायलाच जायच्या. परत आल्या की पायांवर पाणी घेता घेता दर वेळी एकच तक्रार, "तिच्या आमटीत गूळ फार असतो गं."